लेकीचा मधुमेह कळला, धाकट्याचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या गड्ड्याच्या यात्रेत माझी नऊ वर्षांची लेक पाळण्यात बसायला तयार होईना. दर दहा मिनिटांनी पाणी आणि लगेच 'आई, शू'. जानेवारीची थंडी, तरी घसा कोरडा. आठवड्यानं उलट्या सुरू झाल्या. जवळच्या दवाखान्यात पोट बिघडलंय म्हणून औषध दिलं. तिसऱ्या दिवशी तिला धाप लागली, तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास. आयसीयूत शुगर निघाली ४८६. टाईप-१ मधुमेह. हा गोड खाऊन होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींवर उलटते. नातेवाइकांना हे अजून पटत नाही.

पण हे पत्र धाकट्यासाठी आहे. लेक घरी आल्यावर मी त्याचंही बोट टोचलं. ९२. जीव भांड्यात पडला. पुढच्या फेरीला डॉक्टर म्हणाले, 'उपाशीपोटीच्या शुगरवर जाऊ नका.' पेशींवरचा हल्ला काही महिने, कधी काही वर्षं आधीच सुरू झालेला असतो. तो दिसतो रक्तातल्या अँटिबॉडीजमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्तीनं आपल्याच पेशींविरुद्ध तयार केलेल्या प्रथिनांमध्ये: इन्सुलिनविरुद्धची, जीएडी, आयए-२, झेडएनटी-८. यातल्या दोन किंवा जास्त सापडल्या की पहिला टप्पा, मग शुगर नॉर्मल का असेना. पुढे जेवल्याबरोबर इन्सुलिनचा जो पहिला जोर येतो तो ओसरायला लागतो. ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी तपासलं तर आकडा १४० च्या पुढे, आणि सकाळची शुगर मात्र शंभराच्या आत असू शकते. हा दुसरा टप्पा. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, तोसुद्धा नॉर्मलमध्ये राहून हळूहळू चढतो. म्हणून जुने रिपोर्ट फेकू नयेत, नव्याशी ताडून पाहावेत.

सख्ख्या भावंडांना हा धोका इतर मुलांच्या सुमारे १५ पट. तरी परदेशी आकडे पाहिले तर शंभरातल्या पाचेकांनाच होतो, म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पण आधी कळलं तर मूल आयसीयूत जाण्यापर्यंत वेळ येत नाही. दुसऱ्या टप्प्यातल्या, आठ वर्षं आणि त्यापुढच्या रुग्णांसाठी टेप्लिझुमॅब या औषधाला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. चाचणीत त्यानं आजार सरासरी दोनेक वर्षं लांबला. दोन वर्षं सुईविना म्हणजे काय, हे रोज चार वेळा टोचणाऱ्या आईला विचारा.

माझ्या मुलाची एक अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली आहे. सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचं आहे. आम्ही खासगी लॅबचे पैसे कसेबसे भरले. विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर राबणाऱ्या घराला ते झेपणार नाहीत. टाईप-१ झालेल्या मुलांच्या भावंडांची अँटिबॉडी तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत व्हावी. शाळेत तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकाच्या फॉर्मवर एवढी एक ओळ तरी असावी: घरात कुणाला टाईप-१ आहे का?

आपली,
एक आई, अशोक चौक, सोलापूर