नाव नवे, रांग तीच

महोदय,

ग्राफिक्स कार्डच्या, म्हणजे पडद्यावरची चित्रे तयार करणाऱ्या संगणकातल्या भागाच्या बाजारात नवी कंपनी उतरत असल्याने टंचाई संपेल आणि भाव खाली येतील, असा सूर असलेली बातमी आपल्या अंकात वाचली. तेव्हापासून मला फोनवर एकच प्रश्न येतो आहे, "ताई, आत्ता घेऊ की थांबू?" गेली १७ वर्षे मी संगणक जोडते आणि बिघडलेली ग्राफिक्स कार्डे दुरुस्त करते. विचारणाऱ्यांमध्ये खेळासाठी कार्ड हवे असलेली मुले आहेतच, पण ॲनिमेशन शिकणारे आणि व्हिडिओ एडिटिंगवर घर चालवणारेही बरेच आहेत. त्यांचा थांबलेला प्रत्येक महिना म्हणजे बुडालेले काम असते. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मागच्या महिन्यात माझ्या टेबलावर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डे एकाच वेळी उघडी होती. खोकी वेगळी, पंखे वेगळे, एकावर रंगीत दिवे, दुसरे साधे. चिप थंड ठेवणारा धातूचा हीटसिंक काढून, त्याखालची वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट पुसली, तेव्हा खालून दोन्हीकडे तीच चिप निघाली. भोवतीच्या मेमरीच्या आठ-आठ चिपांवरही एकाच कंपनीची खूण होती. 'कार्ड बनवणारी कंपनी' म्हणजे बहुतेक वेळा बोर्ड, पंखा आणि खोके बनवणारी कंपनी. असुस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक ही सगळी अशीच नावे. मुख्य चिप एनव्हिडिया किंवा एएमडीची असते. सप्टेंबर २०२२ मध्ये ईव्हीजीए ही नावाजलेली कंपनी या धंद्यातून बाहेर पडली. ग्राहकांना वाईट वाटले, मलाही वाटले, पण जगात चिपा किती बनणार हे तिच्या हातात कधीच नव्हते. तेव्हा आणखी एक बोर्डवाली कंपनी आली, तर त्याच चिपांचे वाटेकरी तेवढे वाढतील.

नवी कंपनी स्वतःची चिप आणत असेल तर गोष्ट वेगळी. पण तिथेही चिपचा आराखडा करणारा एक आणि ती प्रत्यक्ष घडवणारा दुसरा असतो. इंटेलचे उदाहरण घ्या. स्वतःचे चिपचे कारखाने असलेली ही कंपनी, तरी २०२२ मधल्या आपल्या आर्क ए७७० या कार्डाची चिप तिने टीएसएमसी या इतरांच्या चिपा घडवून देणाऱ्या तैवानच्या कंपनीकडून, '६ नॅनोमीटर' नावाच्या तंत्रावर करून घेतली. एएमडीच्या आरएक्स ७६०० या कार्डाची चिपही टीएसएमसीच्या त्याच तंत्रावर बनते. म्हणजे तिसरा गडी आला खरा, पण तोही त्याच दारात, त्याच रांगेत उभा राहिला. मेमरीचे तर दार आणखी अरुंद. ग्राफिक्स कार्डांना लागणारी मेमरी मुख्यतः सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडूनच येते, आणि एआयच्या सर्व्हरना लागणारी महागडी मेमरीही हेच तिघे बनवतात. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रूशियल' हा आपला सामान्य ग्राहकांसाठीचा व्यवसाय गुंडाळत असल्याचे जाहीर केले.

गिऱ्हाईक कोण मोठे, हेही पाहा. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाला डेटा सेंटरमधून, म्हणजे एआय वगैरे चालवणाऱ्या मोठ्या सर्व्हर-केंद्रांकडून, सुमारे ११५ अब्ज डॉलर मिळाले आणि गेमिंगमधून ११ अब्जांच्या आसपास. तिच्या आरटीएक्स ४०९० या खेळांसाठीच्या कार्डाची चिप आणि एआयसाठीची एच१०० या दोन्ही चिपा टीएसएमसीच्या एकाच तंत्रावर बनलेल्या. कारखान्यात जागा मोजकी असेल तर ती कोणाच्या चिपेला मिळणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

२०२१ ची टंचाई मी जवळून पाहिली आहे. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० कार्डाची जाहीर किंमत ३२९ डॉलर होती आणि त्या किमतीला ते कोणाच्या हाती लागत नव्हते. इथेरियम या आभासी चलनाच्या 'खाणकामासाठी', म्हणजे संगणकावर आकडेमोड करून ते चलन मिळवण्यासाठी, कार्डे ढिगाने उचलली जात होती. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने खाणकामाची पद्धतच बंद केली आणि वापरलेली कार्डे बाजारात ओतली गेली. इंटेलचे ए७७० आले १२ ऑक्टोबरला, म्हणजे त्यानंतर महिनाभराच्या आत. पहिले कार्ड २०२० मध्ये आणू, असे इंटेलने जून २०१८ मध्येच सांगितले होते. एवढे बळ असलेल्या कंपनीलाही टंचाईच्या ऐन काळात पोचता आले नाही. चिप घडायला वर्षे लागतात आणि टंचाई तोवर थांबून राहत नाही.

तरीही नव्या कंपनीने येऊच नये, असे मी मुळीच म्हणत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये इंटेलचे बी५८० कार्ड आले, १२ जीबी मेमरी आणि किंमत २४९ डॉलर. एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०६० तेव्हा ८ जीबीसह २९९ डॉलरच्या घरात होते. कमी पैशात जास्त मेमरी देता येते, हे कोणीतरी करून दाखवायलाच हवे होते. ते बी५८० लगेच संपले आणि बऱ्याच ठिकाणी चढ्या भावाने विकले गेले, हेही तितकेच खरे.

एक अनुभव सांगते. इंटेलचे आर्क कार्ड बसवलेला एक संगणक माझ्याकडे आला, काम अगदी रडतखडत चाललेले. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, काढून पुन्हा घालण्यात मी दोन संध्याकाळी घालवल्या. शेवटी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरले तर 'रिसाइझेबल बार' ही प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय बंद. ती चालू केली आणि तेच कार्ड सरळ धावू लागले. चूक माझी होती, कारण ही सोय चालू ठेवा असे इंटेलने स्पष्ट सांगितलेले आहे. पण बऱ्याच जुन्या मदरबोर्डांवर ही सोयच नसते. स्वस्त कार्डाची सगळ्यात जास्त गरज ज्याला आहे, त्याच्याकडे नेमका जुना संगणक असतो. त्याला नवे कार्ड म्हणजे मदरबोर्ड आणि प्रोसेसरचाही खर्च. ही गोष्ट माझ्या मनाला फार लागते, आणि नव्या कंपनीच्या बातम्यांत ती कुठेच वाचायला मिळत नाही.

शिवाय कंपनी टिकणार का? इंटेलनेच १९९८ मध्ये आय७४० हे ग्राफिक्स कार्ड आणले होते आणि पुढच्याच वर्षी आवरते घेतले. कंपनी गेली की ड्रायव्हर थांबतात, आणि ड्रायव्हर थांबले की धडधाकट कार्डही नव्या सॉफ्टवेअरसाठी निरुपयोगी होते.

म्हणून मला विचारणाऱ्यांना मी सांगते: काम अडले असेल तर आज परवडेल ते घ्या, हवे तर खात्रीच्या माणसाकडून वापरलेले घ्या, पण नुसत्या घोषणेवर विसंबून थांबू नका. आणि आपल्या वार्ताहरांना विनंती, की अशी पुढची बातमी देताना त्या कंपनीला इतके जरूर विचारावे: चिप कोणाच्या कारखान्यात बनणार, मेमरीचा करार कोणाशी झाला आहे आणि ड्रायव्हर किती वर्षे देणार?

आपली,
एक संगणक दुरुस्ती करणारी वाचक