‘झाडपाला’ही डॉक्टरांना सांगा

महोदय,

माझे थोरले दीर निवृत्तीनंतर गप्प गप्प झाले. रंकाळ्यावरची पहाटेची फेरी सुटली, तांबडा रस्सा पुढ्यात आला तरी वाटी तशीच. भाच्याने जर्मनीहून सेंट जॉन्स वर्टच्या कॅप्सूल आणल्या. पिवळ्या फुलांची ही वनस्पती. तिकडे सौम्य नैराश्यावर तिला औषध म्हणूनच मान्यता आहे. दीरांनाही महिन्याभरात बरे वाटू लागले, खोटे कशाला बोलू?

पण त्यांच्या हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी रोजची. नेहमीच्या तपासणीत आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, एकदम घसरलेला; रक्त पुन्हा लवकर गोठू लागलेले. डॉक्टरांनी विचारले, नवीन औषध काही? दीर म्हणाले, नाही. घरी मी बाटली पुढे केली, तर म्हणतात, “ते औषध थोडंच हाय? झाडपाला हाय त्यो!”

या झाडपाल्याने यकृत वॉरफरिन लवकर संपवते. गर्भनिरोधक गोळ्यांचेही तेच होते. नैराश्याच्या गोळ्यांसोबत घेतल्यास धोका आणखी वेगळा. बरे, कॅप्सूल मनानेच बंद केल्या तरी आयएनआर उलटा चढतो, म्हणजे तेही सांगावेच लागते. आपली अश्वगंधासुद्धा थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर विचारूनच घ्यावी.

डॉक्टरांनीही नुसते ‘औषध’ न विचारता काढा, चूर्ण, कॅप्सूल असे नाव घेऊन विचारावे; आमच्याकडची माणसे तेव्हाच बोलतात. मन मोकळे करायला टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. दीरांनी तो परवा लावला, दार लावून.

– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर