‘पॅकेज किती?’ हा प्रश्न टाळा

महोदय,
नॉर्वेत प्रत्येकाचे उत्पन्न सार्वजनिक असते. पूर्वी कार्यालयात जाऊन यादी चाळावी लागे. २००१ पासून ती घरबसल्या इंटरनेटवर दिसू लागली आणि लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांचे आकडे शोधू लागले. अर्थतज्ज्ञ रिकार्डो पेरेझ-त्रुग्लिया यांच्या अभ्यासानुसार, त्यानंतर श्रीमंत-गरिबांच्या जीवनसमाधानातली दरी २१ टक्क्यांनी रुंदावली. पगार तोच, घर तेच. फक्त रांगेतली आपली जागा कळली! वेतनात पारदर्शकता हवीच, नाहीतर अन्याय झाकला जातो. पण लग्नाकार्यात चारचौघांत ‘पॅकेज किती?’ विचारले, की नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलाचा चेहरा उतरतो. हे मी माझ्या भाच्याच्या बाबतीत पाहिले आहे. वडीलधाऱ्यांनी निदान तेवढा प्रश्न टाळावा, ही कळकळीची विनंती.
– एक वाचक, सातारा