शिबिर एका दिवसाचं, घर रोजचं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुटुंबांसाठी भरलेल्या एका दिवसाच्या शिबिराची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या अंकात वाचली. सोबत खचाखच भरलेल्या सभागृहाचं छायाचित्र होतं. इतके आईवडील वेळ काढून आले याचा आनंद झाला, पण मनाला रुखरुखही लागली. पालकत्व आणि घराचं आरोग्य या विषयांवर वस्तीपातळीवर चालणाऱ्या वर्गांत मी गेली अकरा वर्षं स्वयंसेवक म्हणून काम करते. तेवढ्या अनुभवावरून सांगते, शिबिर संपल्यावर ज्यांच्या दाराशी पुन्हा कुणी फिरकत नाही, त्यांच्या घरात काही बदलत नाही. अशा कामाला पैसा आणि माणसं दोन्ही कायम अपुरी असतात. जी आहेत ती एका दिवसाच्या कार्यक्रमात न संपवता महिनोन्महिने चालणाऱ्या वर्गांना आणि गृहभेटींना द्यावीत, एवढं सांगण्यासाठी हे पत्र.

याला आधार केवळ माझ्या अनुभवाचा नाही. जमैकात किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांत 1986-87 साली एक प्रयोग सुरू झाला. वाढ खुंटलेली 129 लहान मुलं त्यात होती. त्यातल्या काही घरांत दर आठवड्याला तासभर एक आरोग्यसेविका जायची. आईने मुलाशी कसं खेळायचं, काय बोलायचं, त्याचं कौतुक कधी करायचं, हे ती स्वतः खेळून दाखवायची. खेळणी घरातल्याच टाकाऊ वस्तूंची असत. हे सलग दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी त्या मुलांना पुन्हा गाठलं, तेव्हा ज्यांच्या घरी भेटी झाल्या होत्या त्यांची कमाई भेटी न झालेल्यांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त निघाली. ज्यांना नुसता पूरक आहार दिला होता त्यांच्यात असा फरक टिकला नाही. हे निष्कर्ष 2014 साली प्रसिद्ध झाले. मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही की भेटीला जाणारी बाई मोठी तज्ज्ञ नव्हती. ती आरोग्यकेंद्रातली प्रशिक्षण घेतलेली साधी कर्मचारी होती, आणि ती दर आठवड्याला न चुकता येत होती. अमेरिकेत एल्मायरा गावी संशोधक डेव्हिड ओल्ड्स यांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस पहिलटकरणींच्या घरी परिचारिका पाठवायला सुरुवात केली. गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत या भेटी चालायच्या. पंधरा वर्षांनी पाहिलं, तर त्या घरांत मुलांची आबाळ आणि छळ झाल्याच्या नोंदी इतर घरांच्या तुलनेत कमी होत्या.

वयात येणाऱ्या मुलांसाठी आम्ही जो वर्ग घेतो त्याची मांडणी अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात घडलेल्या कार्यक्रमावर बेतलेली आहे. सात आठवडे, दर आठवड्याला दोन तास. पहिल्या तासाला आईवडील एका खोलीत आणि मुलं दुसऱ्या खोलीत, मग दुसऱ्या तासाला सगळे एकत्र. कागदावर हे फार साधं दिसतं. प्रत्यक्षात काय घडतं ते एका प्रसंगातून सांगते.

तिसऱ्या आठवड्यात एक सराव असतो. मुलाने तीन मिनिटं बोलायचं, पालकाने मध्ये तोंड उघडायचं नाही, आणि शेवटी जे ऐकलं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. बारा वर्षांची एक मुलगी आणि तिचे वडील समोरासमोर बसले होते. मुलीने बोलायला सुरुवात करून मिनिटही झालं नसेल, तोच वडील म्हणाले, "अगं पण तेव्हा तूच...". मुलगी गप्प झाली. हातातल्या कागदाची कड दुमडत राहिली ती तास संपेपर्यंत. चौथ्या आठवड्यातही तेच झालं. पाचव्या आठवड्यात वडिलांनी एका हाताने दुसरं मनगट घट्ट धरलं आणि ते ऐकत राहिले. मुलगी म्हणाली, "पेपर मिळाला की तुम्ही आधी कुठे मार्क गेले ते बघता, म्हणून मी तो लपवते." वडिलांनी ते वाक्य तिला परत सांगायला घेतलं आणि अर्ध्यावर त्यांचा आवाज बसला. पुन्हा सुरुवात करून त्यांनी ते पूर्ण केलं. मुलगी पहिल्यांदाच त्यांच्याकडे मान वर करून बघत होती.

हा माणूस एका दिवसाच्या शिबिराला आला असता, तर मुलांचं ऐकून घ्यावं हे वाक्य त्याने वहीत लिहून घेतलं असतं आणि घरी गेला असता. ते त्याला आधीही ठाऊक होतंच. हवा होता तो सराव. दोनदा चुकायला मिळणं, आणि चुकल्यावरही पुढच्या आठवड्यात "या, बसा" म्हणणारं कुणीतरी असणं.

घराच्या आरोग्याचंही तसंच आहे. कोंदट हवा, ओल, बुरशी, धूर, जुन्या रंगातलं शिसं यांबद्दल सभागृहात कितीही सांगा, घरात पाऊल टाकल्याशिवाय नेमकं दुखणं कळत नाही. घरातल्या चुलीच्या आणि इंधनाच्या धुराने 2020 साली जगभरात 32 लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. शिशाचं तर मुलांच्या रक्तातलं कुठलंच प्रमाण सुरक्षित मानलं जात नाही. मुलं जमिनीवर खेळतात, हात तोंडात घालतात, म्हणून रंगाच्या पोपड्यांची धूळ त्यांच्याच पोटात आधी जाते. कोरड्या झाडूने ती उडते आणि पसरते, ओल्या फडक्याने पुसावी लागते. ही एवढीशी गोष्टसुद्धा मी शंभरदा बोलून दाखवली तरी लक्षात राहत नाही. घरी जाऊन खिडकीच्या चौकटीवरून ओलं फडकं फिरवलं आणि ते आईच्या हातात दिलं की मात्र ती विसरत नाही.

एका घरी लहान मुलगा रात्ररात्र खोकायचा. आईने वर्गातलं सगळं मनापासून पाळलं होतं. आम्ही भेटीला गेलो, भिंतीला चिकटवून ठेवलेलं कपाट हातभर पुढे ओढलं, तर मागे काळ्या बुरशीचा पट्टा. त्यावर आधी तीनदा रंग मारून झाला होता. ओल कुठून येते ते न शोधता रंग मारला, तर बुरशी त्यातून पुन्हा वर येणारच. पलीकडच्या बाजूला नळाचा सांधा गळत होता. घर भाड्याचं, आणि मालक महिनोन्महिने दाद देत नव्हता. ती बाई म्हणाली, "मला सगळं कळतंय हो ताई, पण भिंत माझी नाही." त्या दिवसापासून मी वर्गात ओलीविषयी बोलताना फार जपून बोलते. ज्याच्या हातात उपाय नाही त्याला नुसती माहिती देणं म्हणजे त्याच्या माथी दोष मारणं. आमच्या गटाने तिच्यासोबत बसून अर्ज लिहिला आणि तो लावून धरला. दोन महिन्यांनी सांधा बदलला, भिंत वाळली. वर्गाच्या वेळापत्रकात अर्जासाठी तास नव्हता. आता आम्ही तो ठेवला आहे.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. असे कार्यक्रम दुपारी ठेवायचे, तिथे फक्त आयांनी यायचं, आणि मग वडील लक्ष घालत नाहीत म्हणून तक्रार करायची. वर्ग संध्याकाळी उशिरा घ्या, लहान मुलांना सांभाळायला शेजारची खोली आणि दोन माणसं ठेवा, म्हणजे वडील येतात, आजीआजोबाही येतात. आमच्याकडे हे बदललं त्या वर्षी वडिलांची संख्या दुपटीच्या वर गेली. शिकवणाऱ्यांचा सूरही महत्त्वाचा. तुम्हाला मूल वाढवता येत नाही, असा नुसता वास जरी आला तरी माणूस दुसऱ्यांदा येत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

आपल्याला एक विनंती आहे. ज्या शिबिराची बातमी आपण छापलीत, त्यातल्या पाच-सहा घरी सहा महिन्यांनी आपला प्रतिनिधी पाठवा. तिथे शिकलेलं काय उरलं, कुठे अडलं, मधल्या काळात कुणी विचारपूस केली का, हे त्या कुटुंबांच्याच तोंडून येऊ द्या. आणि त्या बातमीलाही पहिल्या बातमीएवढीच जागा द्या.

आपली,
एक नियमित वाचक