स्लॉट चिपीत नाही, मुंबईत अडलाय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गोव्याच्या नव्या मोपा विमानतळाला विमानांची रांग आणि आपलं सिंधुदुर्गचं चिपी विमानतळ माशा मारतंय, अशी पत्रं अधूनमधून वाचायला मिळतात, पण ही तुलनाच चुकतेय. मी परुळ्याचा, चिपीचा रनवे घरापासून हाकेवर. 9 ऑक्टोबर 2021 ला पहिलं विमान उतरलं तेव्हा अर्धा वाडा गडग्यावर चढून बघत होता, नंतर तर आमची आई त्या आवाजावर दुपारचा भात उतरवायची. उडानची, म्हणजे छोट्या विमानतळांसाठीच्या सरकारी अनुदान योजनेची, 3 वर्षं सरली, मुंबईचं विमान गेलं, आईचं घड्याळ बंद.

स्लॉट म्हणजे काय तर एसटी स्टँडवरचा फलाट, ठरल्या वेळेचा. तो चिपीत मोकळाच आहे हो. गोव्याचं जुनं विमानतळ दाबोळी पडलं नेव्हीचं, सकाळी त्यांचा सराव असला की प्रवासी विमानांनी थांबायचं, मोपा 5 जानेवारी 2023 ला सुरू झालं, तिथे ती भानगडच नाही म्हणून कंपन्या तिकडे पळाल्या. पण फलाट दोन्ही टोकांना लागतो आणि आपलं दुसरं टोक मुंबई. तिथले दोन रनवे एकमेकांना छेदतात, म्हणजे एका वेळी एकच चालणार, त्यात 2024 ला गर्दीच्या वेळेतली विमानं तासाला 46 वरून 44 वर आणली. मग 70 सीटच्या छोट्या एटीआर विमानाला जेवढा स्लॉट लागतो तेवढाच 180 च्या एअरबसला, तो चिपीवर कोण घालवेल, कंपनी दिल्लीलाच देणार ना! आणि मिळालेला स्लॉट सीझनभर 80 टक्के वापरला की पुढच्या वर्षी परत त्यांचाच, नवा माणूस बाहेर ताटकळत.

चतुर्थीला पुतण्या मोपाला उतरला, आणायला मीच गेलो. येताना चिपीचा फाटा दिसला तसा म्हणतो, "काका, विमान हयच उतरला असता तर?" काय सांगू त्याला.

25 डिसेंबर 2025 ला नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं, तिथले फलाट अजून भरतायत. चिपीत पाहणी दौरे करून फोटो काढण्यापेक्षा आमदार-खासदारांनी नवी मुंबईत कोकणासाठी सकाळी एक, संध्याकाळी एक स्लॉट मागावा, रोजचा, गणपतीपुरता नको. आणि लवकर, कारण उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी लागतं पण त्याची मागणी कितीतरी महिने आधी जाते.

आपला,
एक वाचक, परुळे, ता. वेंगुर्ला