जेवणानंतरची पंधरा मिनिटे चालायची कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

साखर काठावर आली की दवाखान्यातून एक ओळ हमखास लिहून मिळते : रोज अर्धा तास चालणे. ओळ बरोबरच आहे. मात्र गोळी लिहून दिली तर ती कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळते. चालण्याची जागा रुग्णाच्या दाराबाहेर आहे का, हे कोणी विचारत नाही. मधुमेहाचे उपचार, व्यायामोपचार आणि रस्त्यांची आखणी या तीन कामांतल्या आम्ही काही जणांनी मिळून हे पत्र लिहिले आहे. आमची मागणी एकच आहे. मधुमेह रोखायचा असेल, तर रात्रीच्या जेवणानंतर दारातून निघून दारात परत येता येईल अशी साधारण एक किलोमीटरची अखंड, उजेडाची वाट प्रत्येक वस्तीला मिळाली पाहिजे.

आधी आजाराचा आवाका पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला, तर आणखी १५.३ टक्के लोक काठावर होते, म्हणजे साखर वाढलेली, पण अजून मधुमेह न झालेले. शहरांत मधुमेहाचे प्रमाण १६.४ टक्के, खेड्यांत ८.९ टक्के. याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगडबरोबर महाराष्ट्रही होता. तेव्हा निम्म्याहून अधिक लोक शारीरिकदृष्ट्या निष्क्रिय निघाले आणि फुरसतीच्या वेळात मुद्दाम व्यायाम करणारे दहा टक्केही नव्हते. एवढ्या सगळ्यांना आळशी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण त्यातून हाती काही लागत नाही.

परिसराचा आणि मधुमेहाचा संबंध खरा आहे की योगायोग, ही शंका रास्त आहे. चालण्याची आवड असलेली माणसे बागेजवळ घर घेतात, मग त्यांची साखर बरी दिसते, असेही असू शकते. या शंकेला सर्वांत चांगले उत्तर अमेरिकेतून मिळाले. तिथे १९९४ ते १९९८ या काळात पाच शहरांतल्या सरकारी घरांमध्ये राहणाऱ्या गरीब कुटुंबांतून सोडत काढून काहींना कमी गरिबीच्या वस्तीत राहायला जाण्यासाठी घरभाड्याची मदत दिली गेली. कोण जाणार हे सोडतीने ठरल्यामुळे आवडीनिवडीचा प्रश्न उरला नाही. दहा ते पंधरा वर्षांनी तपासणी झाली तेव्हा मदत न मिळालेल्या गटात सुमारे २० टक्के स्त्रियांची साखर मधुमेहाच्या पातळीवर होती. चांगल्या वस्तीसाठी मदत मिळालेल्या गटात हे प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास होते. हे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. फरक कशामुळे पडला, चालण्यामुळे, सुरक्षिततेमुळे, कमी ताणामुळे की बाजारात मिळणाऱ्या अन्नामुळे, हे त्या प्रयोगातून वेगळे काढता येत नाही. पण पत्ता बदलला आणि आजाराची शक्यता बदलली, एवढे स्पष्ट झाले.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण चेन्नईचे आहे. तिथे १९९६ पासून दोन वस्त्यांचा अभ्यास सुरू झाला : मध्यमवर्गीयांची एशियाड कॉलनी आणि कमी उत्पन्नाच्या लोकांचे भारतीनगर. एशियाड कॉलनीतल्या रहिवाशांना मधुमेह आणि व्यायामाची माहिती वारंवार दिली गेली आणि त्यांनी स्वतः निधी जमवून वस्तीतच चालण्यासाठी उद्यान उभे केले. आठवड्यातून तीनपेक्षा जास्त वेळा व्यायाम करणारे तिथे आधी १४.२ टक्के होते, ते ५८.७ टक्के झाले. माणसे तीच होती, दाराजवळ जागा झाली होती. दहा वर्षांनी पाहिले, तर मध्यमवर्गीय वस्तीत मधुमेहाचे प्रमाण १२.४ वरून १५.४ टक्क्यांवर गेले होते. कमी उत्पन्नाच्या वस्तीत मात्र ते ६.५ वरून थेट १५.३ टक्क्यांवर पोहोचले. दोन वस्त्यांत इतरही फरक होते, त्यामुळे सगळे श्रेय उद्यानाला देणे चूक ठरेल. तरीही या आकड्यांनी एक समजूत मोडली : मधुमेह हा खात्यापित्या घरचा आजार राहिलेला नाही. ज्यांच्याकडे ना सोसायटीचे आवार ना जिमचे पैसे, त्यांच्यातच तो दुपटीने वाढला.

आता रात्रीच्या जेवणानंतरच का, ते सांगतो. पोटरीचा आणि मांडीचा स्नायू आकुंचन पावतो तेव्हा रक्तातली साखर ओढून घेणारी दारे इन्सुलिनची वाट न पाहता उघडतात. ज्याच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम कमी होऊ लागला आहे, त्याच्यासाठी हा दुसरा रस्ता फार मोलाचा. परिणाम साधारण एक ते दोन दिवस टिकतो. म्हणून रविवारी एकदम दोन तास चालण्यापेक्षा रोज थोडे चालणे बरे, आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड नको. न्यूझीलंडमध्ये २०१६ साली ४१ मधुमेही व्यक्तींवर झालेल्या प्रयोगात दिवसातून केव्हाही सलग तीस मिनिटे चालण्याची तुलना प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटे चालण्याशी केली गेली. जेवणानंतर चालल्यावर जेवणोत्तर साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी भरली आणि रात्रीच्या जेवणानंतर हा फरक २२ टक्के होता. आपल्याकडे रात्रीचे जेवण उशिरा आणि भाताचे. जेवून दूरदर्शनसमोर बसायचे आणि तासाभरात झोपायचे. साखर सर्वांत जास्त चढते तेव्हाच स्नायू स्वस्थ असतात.

वजन उतरले नाही म्हणून चालणे सोडणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून नोंदवायची आहे. चेन्नईतच काठावरच्या ५३१ लोकांवर केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नुसता सल्ला मिळालेल्या गटातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार बदलून रोज अर्धा तास चालणाऱ्या गटात ३९.३ टक्क्यांना झाला. आणि वजन जवळपास होते तेवढेच राहिले होते! पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की दिसायला सडपातळ भारतीय माणसाच्या अंगातही चरबी जास्त असते. आपल्याकडे काट्यापेक्षा कमरेची टेप अधिक खरे सांगते : पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटरला सावध व्हावे.

तर चालायचे रात्री नऊ-साडेनऊला, आणि महापालिकेच्या बऱ्याच उद्यानांची फाटके त्याआधीच बंद झालेली असतात. सकाळी उघडतात, पण सकाळची सहा ते आठ ही वेळ नळाला पाणी येण्याची आणि डबे भरण्याची; घरातल्या बाईला तेव्हा उद्यान गाठता येत नाही. केंद्राच्या नगररचना मार्गदर्शिकेत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळ्या जागेची अपेक्षा आहे. आपल्या दाट वस्त्यांत ती उद्या तयार होणार नाही. फुटपाथ मात्र आहे, निदान कागदावर आहे, आणि त्याला फाटक नाही.

मिनिटाला शंभर पावले पडतील अशी चाल असावी. बोलता येते, गाणे म्हणता येत नाही, ही तिची खूण. पंधरा मिनिटांत दीड हजार पावले, म्हणजे ६५ सेंटिमीटरच्या पावलाने जवळपास एक किलोमीटर. रस्त्यांचे तांत्रिक निकष ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेनुसार निवासी भागात पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, डोक्यावर मोकळी उंची २.२ मीटर आणि कडेच्या दगडाची उंची १५० मिलिमीटर किंवा त्याहून कमी हवी. यातला ‘मोकळी’ हा शब्द ठेकेदार आणि अभियंते दोघेही विसरतात. दोन मीटरच्या पदपथात विजेचा डीपी, झाडाचे आळे आणि लावलेली दुचाकी आली की उरतो पाऊण मीटर. उंची दीडशेऐवजी तीनशे मिलिमीटर ठेवली, तर गुडघे दुखणारा माणूस वर चढतच नाही. तो रस्त्यावरून चालतो आणि दोनदा हॉर्न ऐकल्यावर घरी बसतो. प्रत्येक इमारतीच्या गेटसमोर पदपथ खाली उतरवला जातो, म्हणजे शंभर मीटरमध्ये सहा चढउतार. खरे तर तिथे पदपथ सपाट ठेवून गाडीने चढून जायचे असते.

पेव्हर ब्लॉकची तऱ्हा निराळी. केबलसाठी चर खणला की भरताना माती थराथराने दाबली जात नाही, वाळूचा थर विसरला जातो आणि पहिल्या पावसात ब्लॉक डुगडुगू लागतात. तरुण माणूस तोल सावरतो. दहा वर्षांच्या मधुमेहाने तळव्याची संवेदना गेलेल्याला ठेच लागल्याचेही कळत नाही. जखम दिसते ती चार दिवसांनी, मोज्याला डाग पडल्यावर. अशांनी रात्री बंद बूट घालूनच निघावे आणि परतल्यावर तळवे आरशात पाहावेत. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी.

दिवे गाड्यांसाठी लावलेले असतात. खांब दुभाजकावर, मध्ये झाडाचा डेरा आणि पदपथ अंधारात. समोरून येणाऱ्याचा चेहरा चार मीटरवरून ओळखता आला पाहिजे, हा उजेडाचा साधा निकष आहे. स्त्रिया त्या रस्त्याने जातील की नाही, हे त्यावरच ठरते. वाट शक्यतो आतल्या गल्ल्यांतून आखावी. दिल्ली आणि चेन्नईतील अभ्यासात हवेतील सूक्ष्म धूलिकणांचे वार्षिक प्रमाण दर घनमीटरला १० मायक्रोग्रॅमने वाढले की मधुमेहाची जोखीम सुमारे २२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. मुख्य रस्त्याच्या कडेने चालायला लावणे म्हणूनही बरे नव्हे.

ओपन जिमबद्दल स्पष्ट बोलायला हवे. उद्घाटनाला ती छान दिसते, पण तिथल्या झुलत्या उपकरणांपैकी अनेकांत स्नायूला पुरेसा विरोधच मिळत नाही. दोन पावसाळ्यांत बेअरिंग गंजते, पाया हलतो आणि ठेकेदाराने दुरुस्ती करून देण्याची मुदत संपली की ते कोणाचेच राहत नाही. तेवढ्या पैशांत गल्लीतले काही दिवे खाली आणता येतील. व्यायामसाहित्य घ्यायचेच असेल, तर दोन उंचीचे पक्के बाक आणि एक आडवा बार पुरे. बाकावरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे हा मांडीसाठी उत्तम व्यायाम आहे.

जिथे गल्लीच दीड मीटरची आहे, तिथे फुटपाथ मागण्यात अर्थ नाही. अशा वस्त्यांजवळच्या महापालिका शाळांची मैदाने रात्री साडेआठ ते दहा उघडी ठेवावीत. एक रखवालदार, दोन दिवे आणि आठवड्यातले काही दिवस फक्त स्त्रियांसाठी. मैदानाची एक फेरी किती मीटरची, हे चुन्याने लिहून ठेवले तर माणसे आपोआप मोजू लागतात.

वाट तपासायला सल्लागार कंपनी लागत नाही. रात्री सव्वानऊला दोघांनी टेप आणि मोबाइल घेऊन निघावे, त्यातली एक स्त्री आणि जमल्यास एक जण साठीच्या पुढचा असावा. दर पन्नास मीटरला मोकळी रुंदी मोजावी, जिथे पदपथावरून खाली उतरावे लागले तिथे फोटो काढावा, बंद दिव्याच्या खांबाचा क्रमांक लिहावा, कुत्र्यांचा घोळका कुठे बसतो ते टिपावे. एक किलोमीटरला तासभर लागतो. एवढी यादी हातात असली की क्षेत्रीय कार्यालयाला ‘निधी नाही’ असे सरसकट उत्तर देता येत नाही, कारण त्यातली निम्मी कामे दुरुस्तीची निघतात.

तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी आशा सेविका जो जोखीम-अर्ज भरतात, त्यात आठवड्याला दीडशे मिनिटे व्यायाम होतो का, असा प्रश्न आहे. नाही म्हटले की एक गुण वाढतो. त्याच्याखाली आणखी एक प्रश्न घालावा : रात्री चालायला घराजवळ जागा आहे का? त्या अर्जात चारपेक्षा जास्त गुण मिळालेल्यांना तपासणीसाठी आधी बोलावले जाते. असे लोक ज्या वस्तीत जास्त आहेत, प्रभागातली पहिली वाट तिथेच आखावी आणि येत्या अर्थसंकल्पात तिची दुरुस्ती व दिवे हे एकच काम म्हणून धरावे, दोन खात्यांत वाटून नव्हे.

आपले,
मधुमेहोपचार, व्यायामोपचार व रस्तेरचना क्षेत्रांतील काही कार्यकर्ते, पुणे