विषय: 'फोकस्ड शॉकवेव्ह'चे पैसे घेऊन रेडियल यंत्राने उपचार केल्याबद्दल तक्रार व पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेतल्या मुलाने मी बोलत असतानाच फोन ठेवून दिला, म्हणून आता लेखी कळवते आहे. आधीच्या तक्रारींचे क्रमांक तुमच्याकडे आहेत, ते पुन्हा लिहीत नाही.

माझ्या उजव्या खांद्यात सुप्रास्पायनेटस या स्नायूच्या टेंडनमध्ये (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीत) 11 मिलिमीटरचा कॅल्शियमचा साठा आहे. हात खांद्याच्या वर जात नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: फोकस्ड शॉकवेव्ह, सोनोग्राफीवर जागा बघून. शॉकवेव्ह म्हणजे दुखऱ्या जागी यंत्राने दाबाच्या लहरी सोडण्याचा उपचार. ती चिठ्ठी मी तुमच्या उपचार केंद्राच्या काउंटरवर दिली. तिथल्या बाईंनी तिची झेरॉक्स काढून घेतली आणि पावती फाडली: 'फोकस्ड शॉकवेव्ह, खांदा, 6 सेशन, रु. 24,000'. पावती सोबत जोडली आहे.

पहिल्याच सेशनला यंत्र सुरू झालं आणि खालच्या कप्प्यातला कॉम्प्रेसर घरघरू लागला. पडद्यावर आकडे होते: 2.5 बार, 10 हर्ट्झ (सेकंदाला 10 ठोके), एकूण 2000 ठोके. फोकस्ड यंत्राची मात्रा मिलिज्यूल प्रति चौरस मिलिमीटरमध्ये मोजतात. 'बार' हा हवेचा दाब. त्या दाबाने दांड्यातला धातूचा तुकडा पुढे फेकला जातो, टोकावर आपटतो, आणि तो ठोका कातडीवर सर्वांत जास्त जोराचा असतो, आत जाईल तसा विरत जातो. हे रेडियल यंत्र. फोकस्ड यंत्रात लहर आत, ठरवलेल्या खोलीवर एकवटते, आणि तिचा दाब नॅनोसेकंदांत चढतो. 1980 मध्ये म्युनिकला मूतखडा फोडण्यासाठी जे तंत्र माणसावर पहिल्यांदा वापरलं गेलं, त्याच घराण्यातलं हे. तुम्ही ही यंत्रं विकत घेता, चालवता, तुमच्या माहितीपत्रकात दोन्हींचे वेगवेगळे दर छापता. तेव्हा फरक तुम्हाला माहीत नव्हता असं कृपया सांगू नका.

सोनोग्राफीही झाली नाही. थेरपिस्टने बोटाने दाबून विचारलं, "इथे दुखतं का?" मी हो म्हटलं, जेल लावलं, सुरू.

गुण आला नाही म्हणून मी भांडते आहे असा समज करून घेऊ नका. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की खात्री नाही. खांद्याच्या टेंडनसाठी या उपचाराचा फायदा फारसा दिसत नाही, असं कोक्रेन या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या 2020 च्या आढाव्यानेही म्हटलं आहे. ('हमखास गुण' ही तुमच्या दारावरची पाटी त्यामुळे आजच उतरवा.) पण कॅल्शियम साठलेल्या खांद्यावर 2003 मध्ये 144 रुग्णांची जी चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात जास्त ऊर्जेच्या गटाला कमी ऊर्जेच्या गटापेक्षा जास्त आराम पडला होता. म्हणजे यंत्र कोणतं, मात्रा किती, मारा कुठे, याने फरक पडू शकतो. ती संधी घेण्यासाठी मी पैसे भरले आणि तीच तुम्ही मला दिली नाहीत.

आता आजच्या फोनबद्दल. मी त्या मुलाला शांतपणे विचारलं, "माझ्यावर वापरलेल्या यंत्राचं मॉडेल मला लेखी द्याल का?" तो म्हणाला, "काकू, मशीन जर्मन आहे." मी म्हटलं, "जर्मन असेल, पण फोकस्ड आहे की रेडियल?" तो म्हणाला, "काकू, शॉकवेव्ह म्हणजे शॉकवेव्ह." मी बार आणि मिलिज्यूल समजावून सांगायला लागले. त्याने मला मध्येच तोडलं: "तुम्हाला मशीनमधलं काय कळणार? घरात मुलगा असेल तर त्याला फोन द्या." मी सांगितलं की मी कनिष्ठ महाविद्यालयात 31 वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं आहे, लहरींचा धडा मला तोंडपाठ आहे. त्यावर मागे कुणीतरी हसलं. ते हसणं मला ऐकू आलं. मग तो म्हणाला, "या वयात खांदे दुखतातच काकू, थोडी सहनशक्ती ठेवा," आणि फोन ठेवला.

थोडी सहनशक्ती! प्रत्येक सेशनला दात आवळून बसले, एकदाही थांबवा म्हटलं नाही. घरात मुलगा असता तरी फोन मीच केला असता. खांदा माझा आहे आणि पैसे माझ्या पेन्शनचे आहेत.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या पैशांपेक्षा गंभीर आहे. संमतीपत्रावर 'रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का' यापुढे 'नाही' ही खूण आधीच छापलेली होती. अशा गोळ्या चालू असताना या ठोक्यांनी आत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून तो प्रश्न असतो. मला कुणी विचारलं नाही. मी त्या गोळ्या घेत नाही, पण माझ्यानंतर आत गेलेल्या गृहस्थांच्या हातात हृदयरोगतज्ज्ञांची फाइल होती. त्यांना तरी विचारलंत का?

माझ्या यजमानांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुमच्याच शाखेतल्या एका मुलीने त्यांना पुन्हा जिना चढायला शिकवलं. त्या विश्वासावर मी आले आणि शेजारपाजारच्या कितीतरी जणांना तुमच्याकडे पाठवलं. त्या सगळ्यांना आता मी स्वतः जाऊन सांगणार आहे की आधी यंत्राच्या पडद्यावरचं एकक वाचा.

मला पूर्ण 24,000 रुपये परत हवे आहेत. 'पॅकेज नॉन-रिफंडेबल आहे' हे उत्तर पुन्हा देऊ नका. जे विकलं ते दिलंच नाही, तर ती अट लागू कशी होणार? पावती फोकस्डची आहे आणि यंत्र रेडियल होतं, हे मी पुन्हा लिहिते आहे कारण तुमच्याकडे आजवर कुणीही यावर एक वाक्य बोललेलं नाही. शिवाय यंत्राचं मॉडेल आणि प्रत्येक सेशनची नोंद लेखी द्या, आणि आजच्या कॉलचं रेकॉर्डिंग जपून ठेवा.

15 दिवसांत पैसे खात्यात आले नाहीत तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. माझ्याच जिल्ह्यात करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी, पावती आणि यंत्राच्या पडद्याचा फोटो माझ्याकडे आहे.

उत्तर लेखीच पाठवा. फोन करू नका.

(सही)
सोबत: वरील तिन्हींच्या प्रती